उदय बुधवारी, अस्त शुक्रवारी

व्याख्यानमालेच्या अध्यक्षांनी फोनवर माझा विषय ऐकून घेतला आणि तिथल्या तिथे त्याचे दोन तुकडे केले. उदय बुधवारी, अस्त शुक्रवारी. मधला गुरुवार कीर्तनाचा. ज्या गृहस्थांनी ही माला सुरू केली त्यांच्या स्मरणार्थ ते कीर्तन वर्षानुवर्षं होत आलंय आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. मी म्हटलं, सर, एका माणसाची गोष्ट आहे, एका संध्याकाळी सांगून होते. ते म्हणाले, मोठ्या विषयाला आमच्याकडे दोन पुष्पं लागतातच, आणि बुधवारीच सगळं सांगून टाकलंत तर शुक्रवारी मी खुर्च्या कुणासाठी मांडू? निवृत्त मुख्याध्यापक, साताऱ्यातल्या जुन्या घरातले, आता रहिमतपूरजवळच्या त्या गावात स्थायिक झालेले. बोलायला गोड आणि हलवायला अवघड. मी हो म्हटलं.

विषय माझा आवडता नव्हता, पण गळ्याशी आलेला होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातल्या एका देशात एक पुढारी वर आला, देश डोक्यावर घेऊन नाचला आणि शेवटी देशाला घेऊनच खड्ड्यात गेला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव घेतलं की लोकांना वाटतं, ही तिकडची भानगड, आपला काय संबंध. इस्लामपूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. एके दिवशी तास संपल्यावर एका मुलीनं मला तिच्या फोनवर त्याचं भाषण दाखवलं. कृष्णधवल चित्र, आणि त्यावर कुणीतरी आजचं ढणढणतं संगीत चढवलेलं. मुलगी हुशार, पहिल्या बाकावरची. "मॅडम, काय पर्सनॅलिटी आहे ना?" म्हणाली. भाषेचा एक शब्द तिला कळत नव्हता. मला राग तिचा आला नाही. त्या संगीताचा आला, आणि इतकी वर्षं आम्ही हा धडा परीक्षेला येणार की नाही एवढ्यावर शिकवला त्याचा आला. त्याच आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला म्हणून हा विषय दिला.

माझी युक्ती अशी होती. बुधवारी मी त्याला लोकांच्या आवडीचा करणार होते. त्याच्या काळच्या माणसांना तो जसा दिसला तसाच दाखवायचा, आधी काही बोलायचं नाही. लोक त्याच्या प्रेमात पडले की शुक्रवारी जमीन पायाखालून काढून घ्यायची. युक्ती चांगली होती, असं मी आजही म्हणते. फक्त ती दोन दिवस सलग बसणाऱ्या माणसासाठी होती.

बुधवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बऱ्यापैकी गर्दी जमली. मी बोलायला उभी राहिले की माझ्यात वडील येतात, त्याला मी काही करू शकत नाही. आम्ही माण तालुक्यातले, मेंढरं राखणारे. वडील बिरोबाच्या देवळापुढे ओव्या गायचे. एक हात कानावर, समोर ढोल आणि झांज, आणि आवाज असा चढायचा की बसलेली माणसं नकळत गुडघ्यावर यायची. मुलगी म्हणून मला कुणी गायला बसवलं नाही. पण आवाज कुठे चढवायचा आणि कुठे सोडून द्यायचा हे मी त्यांच्या मागे बसून उचललं, आणि पुढे वर्गात आणि व्यासपीठावर त्यावरच निभावलं.

त्या संध्याकाळी मी त्या पुढाऱ्याला असा उभा केला की विचारता सोय नाही. युद्धावरून परत आलेला शिपाई, ज्याला गावात कुणी विचारलं नाही. मग त्याचा आवाज, त्याच्या मागे निघालेले तरुण, एकाच रंगाचे शर्ट, एकाच ठेक्यात पडणारे पाय. "सत्ता हाती येताच पहिल्याच वर्षी त्यानं रस्ते मोकळे केले," असं मी म्हटलं आणि पटांगण टाळ्यांनी दुमदुमलं. जानेवारी होता, कारखान्यांचा हंगाम. गावातला प्रत्येक रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी तुंबलेला. रस्ते मोकळे करणारा माणूस कुणाला नको होता? मी भर चौकातल्या गच्चीवर त्याला उभा केला, खाली माणसांचा समुद्र दाखवला आणि तिथेच थांबले. मागच्या बाजूनं शिट्ट्या आल्या. अध्यक्ष आभार मानायला उठले तेव्हा त्यांचेही डोळे चमकत होते.

खाली उतरले तर पाण्याच्या टाकीपाशी माझा धाकटा भाऊ उभा होता. खांद्यावर घोंगडी, पायात धुळीच्या वहाणा. मला कल्पनाच नव्हती. त्याचा वाडा, म्हणजे त्याचं आणि भाऊबंदांचं बिऱ्हाड मेंढरांसकट, दिवाळीनंतर माणातून निघतं आणि कृष्णाकाठानं शेतात शेतात बसत फिरतं. मेंढरांची लेंडी शेताला खत होते, शेतकरी त्याबदल्यात धान्य देतो. त्या आठवड्यात ते जवळच्याच एका शेतात बसले होते आणि शेतमालकानं त्याला सांगितलं होतं की तुझ्या बहिणीचं नाव फळ्यावर लावलंय. त्यानं मला व्यासपीठावर कधी पाहिलं नव्हतं. याला मी कडेवर घेऊन मेंढरांमागे चाललेली आहे. आज तो माझ्याकडे असा बघत होता की माझ्या पोटात आनंद मावेना.

आणि मग तो बोलला. "आक्का, आसा एक गडी आपल्यात पायजे हुता बग. आपल्याला कोण इचारतंय?"

मी हसले. शुक्रवारी ये, मग कळेल तो गडी कसा होता ते, असं म्हणाले. तो म्हणाला की शुक्रवारी जमत नाही, उद्या सकाळी तळ हलतोय, मसूरच्या बाजूला जायचंय. आणि रविवारी तर तो गावाकडे निघाला होता. कशाला, असं मी सहज विचारलं आणि त्यानं सहजच सांगितलं. आमच्या भागात एक तरुण पुढारी उभा राहिला होता. घोंगडी पांघरून भाषणं करायचा, आवाज खणखणीत, त्याची भाषणं सगळ्या वाड्यांवर फोनवर फिरत होती. त्याच्या माणसांना पिवळे फेटे होते. आपली चराई आपल्यालाच, हे त्याचं पालुपद. कानडी मुलखातून जी मेंढरं येतात त्यांना यंदा रस्त्यातच अडवून मागं हाकलायचं, आपला रस्ता मोकळा करायचा, आणि त्यासाठी प्रत्येक वाड्यानं एक गडी द्यायचा. रविवारी बिरोबाच्या माळावर सगळे भंडारा उचलणार होते. आमच्या वाड्यातून भाऊ उचलणार होता.

भंडारा म्हणजे देवाची हळद. ती मुठीत घेऊन शब्द दिला की मागं फिरता येत नाही. कोर्टातली सही आमच्याकडे माणसं मोडतात, भंडारा मोडलेला मी पाहिला नाही. आमच्या चुलत्यानं तरुणपणी रागाच्या भरात सख्ख्या भावाच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणून उचलला होता. तो भाऊ मेला तेव्हा चुलता दाराबाहेर रस्त्यावर बसून रडला, पण उंबरा ओलांडला नाही. म्हणून भावाचं बोलणं ऐकून माझं हसू जागच्या जागी विरलं. कानडी मेंढपाळांना आम्ही लहानपणापासून ओळखतो. आई त्यांच्या बायकांना पीठ द्यायची, त्या आईला मीठ-मिरची द्यायच्या. भावाची पांढरी घोडी त्यांच्याकडूनच आलेली. आणि हा त्यांना हाकलायला निघाला होता, माझं भाषण ऐकून आणखी ताठ मानेनं.

मी तडक अध्यक्षांकडे गेले आणि उद्याचा दिवस मागितला. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, बाई, तुमच्या भावाबद्दल मला वाईट वाटतं, पण कीर्तनकार फलटणहून निघालेत. शुक्रवार म्हणजे शुक्रवार. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माला त्यांची होती. भाऊ माझा होता, आणि रविवारच्या आत त्याला उरलेली गोष्ट ऐकवायची हे मी तिथेच ठरवून टाकलं.

माझा मुक्काम अध्यक्षांकडेच होता. गुरुवारी सकाळी त्यांच्या पत्नीनं न विचारता भाकरी आणि झुणका बांधून दिला. चौकातून मसूरकडे जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसले आणि रस्त्यात मेंढरं दिसतील तिथे उतरवा म्हणून ड्रायव्हरला सांगितलं. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे ती दिसली. पुढे घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं, त्यावर बांधलेल्या जाळीत नुकती जन्मलेली कोकरं, लगाम भावजयीच्या हातात. मागे सगळी मेंढरं धूळ उडवत, आणि शेवटी काठी आडवी धरून भाऊ. मला जीपमधून उतरताना बघून तो चकित झाला, मग खूश झाला, मग मी का आले हे ओळखून थोडा बाजूला सरकला.

मी त्याच्या बरोबरीनं चालू लागले आणि शुक्रवारचं व्याख्यान सुरू केलं. तो पुढारी नंतर कसा बिघडला, कुणाला तुरुंगात घातलं, देश कुणाच्या युद्धात ढकलला. भाऊ ऐकत होता असं म्हणवत नाही. एक बोकड उसात शिरत होता, एक ट्रॅक्टर मागून कर्कश्श हॉर्न वाजवत होता, त्याचं सगळं लक्ष तिकडे. मी आवाज चढवला. तेव्हा तो थांबला आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "काल तर लय गुण गायलीस त्येचं. एका रातीत त्यो वाईट कसा झाला? मला थांबवाया जोडतीयास व्हय ह्ये?"

मी काल अर्धीच गोष्ट सांगितली होती, असं मी म्हणाले. तो म्हणाला, गोष्ट अर्धी कशी असेल? तू गायलीस की. आज सांगायची पाळी. पण गायलं एक आणि सांगायचं दुसरं, असं बापानं कधी केलं?

मग मला सगळं लख्ख कळलं. आमच्या ओवीची रीतच तशी आहे. आधी गायचं, आणि गाऊन झालं की तीच कथा साध्या बोलीत पहिल्यापासून सांगायची, आवाज न चढवता, घरात बसून बोलावं तशी. गाण्यात जे एका ओळीत उडून गेलं ते सांगताना उलगडायचं. गाणं आणि सांगणं जुळलं नाही तर गाणाऱ्याची शोभा होते, लोक उठून जातात. भावाच्या लेखी बुधवारी गोष्ट पूर्ण झाली होती. उदय आणि अस्त असे तुकडे त्याच्या जगात नव्हतेच. बुधवारचं गाणं होतं, आणि आता मी दुसरीच कथा सांगत होते. म्हणजे दोन्हींतलं एक खोटं. आणि काल टाळ्या पडलेल्या असल्यामुळे खोटं आजचंच.

अध्यक्षांनी त्यांच्या रीतीनं विषय कापला होता आणि माझ्या भावानं आमच्या रीतीनं तो पुरा मानला होता. मी दोन्ही रीतींमध्ये वाढलेली बाई, मधोमध धुळीत उभी. चिडून उपयोग नव्हता, तरी मी चिडले. तेवढ्यात रेल्वेचं फाटक पडलं आणि पुढचं घोडं थांबलं. मेंढरं एकमेकांत डोकी खुपसून उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. आता भावाला करायला काही नव्हतं. काठीवर हनुवटी टेकवून तो रुळांकडे बघत उभा राहिला.

बरं, मी म्हणाले, कालचंच सांगते. पुढचं एक अक्षर सांगत नाही.

आणि मी घरच्या बोलीत, हळू, पहिल्यापासून सुरुवात केली. युद्धावरून आलेल्या त्याला कुणी विचारलं नाही, हे खरंच होतं. त्याच्यासारखे आणखी ढिगानं होते, त्यांनाही कुणी विचारलं नाही. भावानं मान हलवली. काल मी एकाच रंगाचे शर्ट म्हणाले होते, ते कापड कुणी दिलं? एका गिरणीवाल्यानं. त्याच्या कामगारांचा संप चालला होता, तो मोडायला त्याला माणसं हवी होती. सभेत सगळे कान टवकारून बसायचे, असंही मी म्हणाले होते. बसायचे, कारण प्रत्येक दारात त्याची दोन माणसं उभी असायची आणि कुणी मधेच काही विचारलं की दोन बाजूंनी दंड धरून त्याला बाहेर न्यायची. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. व्यासपीठावर मी असं कधी बोलले नव्हते, चुलीपुढे बोलावं तशी बोलत होते.

मग ती ओळ आली, जिच्यावर टाळ्या पडल्या होत्या.

"रस्तं मोकळं केलं म्हणाले हुते मी," मी म्हणाले. "कुणापास्नं मोकळं केलं सांगते. तिकडं फिरती माणसं असायची. घोड्यावर, छकड्यावर बिऱ्हाड. गावाभाईर तळ टाकायची, भांडी सांधायची, घोडी इकायची, चार दिस ऱ्हाऊन पुढं जायची. तेंनी रस्तं घाण क्येलं, आपली चराई खाल्ली म्हणून पयलं त्यांना उचललं."

भावाची हनुवटी काठीवरून वर आली. "घोडी बी?"

"घोडी, कुत्री, पोरं, समदं."

पुढे थांबलेल्या पांढऱ्या घोडीवरच्या जाळीत एक कोकरू ओरडत होतं. भावजय त्याला हातानं थोपटत होती. भाऊ बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग विचारलं की त्यांना उचलायला गेली ती कोण माणसं. शर्टवाली, मी म्हणाले. आणि त्यातली काही आदल्या सालापर्यंत स्वतःच छकड्यावर फिरणारी होती. शर्ट मिळाला म्हणजे आपण सुटलो असं त्यांना वाटलं होतं.

सुटली का, असं तो विचारेल म्हणून मी थांबले. त्यानं विचारलं नाही. गाडी आली, फाटक थरथरलं, मेंढरं बिचकली आणि तो "हिर्र हिर्र" करत त्यांच्याकडे धावला. फाटक उघडलं तसा सगळा कळप दाटीनं रुळांपलीकडे गेला. मी बांधून आणलेली भाकरी भावजयीच्या हातात दिली. भाऊ पुढे निघाला होता, त्यानं लांबूनच हात वर केला. त्या हाताचा अर्थ बरं असा होता की जा आता असा होता, ते मला समजलं नाही. परतीच्या जीपमध्ये माझं डोकं फिरलं होतं. रविवारी मीही माळावर जाऊन त्याचा हात धरावा असं मनात आलं, आणि मग वाटलं, हात धरून थांबवलेला माणूस सोमवारी परत जाईल. सांगायचं ते मी सांगितलं होतं. बाकीचं त्याचं होतं, आणि ते मला फार जड गेलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी पटांगणात बुधवारपेक्षा जास्त माणसं होती. बुधवारची कीर्ती पसरली होती, काही तरुण पुढच्या रांगेत येऊन बसले होते. अध्यक्षांनी दुसरं पुष्प म्हणून माझी ओळख करून दिली आणि मी अस्ताऐवजी पुन्हा उदयच सुरू केला. साध्या आवाजात, ओळीमागून ओळ, शर्टाचं कापड, दारातली माणसं, रस्त्यावरची बिऱ्हाडं. पहिल्यांदा कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे फोन काढून बसले आणि नंतर उठून गेले. रस्ते मोकळे करण्याची ओळ आली तेव्हा मी थांबले आणि कुणापासून ते सांगितलं. बुधवारी जिथे टाळ्या होत्या तिथे आता खुर्च्या सरकल्याचा आवाज होता. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. अस्ताला मी शेवटची दहा मिनिटं दिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार छोटा निघाला.

नंतर चहा घेताना अध्यक्ष नाराज होते. बुधवारचंच परत का सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. बुधवारी मी गायले होते, आज सांगितलं, असं मी म्हणाले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्ही गुरुवारीच या, कीर्तनाला." पण निघताना गेटपर्यंत सोडायला आले, आणि भावाचं काय झालं ते कळवा म्हणाले. 

रविवारी मी इस्लामपूरला घरी होते. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. मेथी निवडायला घेतली आणि पानं कचऱ्यात टाकून काड्या पातेल्यात घातल्या. मी फोन करणार नव्हते, हे ठरवलं होतं. संध्याकाळी त्याचाच आला.

तो माळावर गेला होता. जायचा शब्द दिला होता, म्हणून गेला. पुष्कळ वाडे जमले होते, ढोल वाजत होते, पुढाऱ्याचं भाषण जोरात झालं. आमच्या तिन्ही चुलत भावांनी आपापल्या वाड्यांतर्फे भंडारा उचलला. याची पाळी आली तेव्हा तो ताटापुढे उभा राहिला आणि पुढाऱ्याला विचारलं की एक सांगा, आपला रस्ता मोकळा झाला की पुढं कुणाचा मोकळा करायचा? गाववाले बी म्हणत्यात, मेंढरांपास्नं रस्ता मोकळा करा. पुढारी हसला. त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला, ही विचारायची येळ न्हाई म्हणाला. आणि तेवढ्यात भावाच्या लक्षात आलं की पिवळ्या फेट्यांची दोन माणसं त्याच्या दोन बाजूंना येऊन उभी राहिली आहेत.

"तू म्हणाली हुतीस तशीच," तो म्हणाला.

त्यानं चिमूटभर भंडारा घेतला, देवाच्या पायावर वाहिला आणि शब्द न देता मागं फिरला. दंड कुणी धरला नाही, कारण सगळ्यांच्या पुढ्यात देवाला हात जोडणाऱ्याला धरता येत नव्हतं. पण भावकीनं तोंडावर नावं ठेवली. त्याचा वाडा आता एकटा पडणार होता. चुलत भाऊ यंदा त्याच्याबरोबर मेंढरं हाकणार नाहीत असं सांगून मोकळे झाले होते. हे सगळं त्यानं तक्रार न करता सांगितलं. मी भाजीवाल्या हातानं डोळे पुसले. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याची काळजीही वाटली, दोन्ही एकाच वेळी.

मग तो म्हणाला, "आक्का, त्यो तुजा पुढारी. शेवटी पडला न्हवं?"

पडला, मी म्हणाले. पळून जाताना सापडला, दुसऱ्याचा कोट अंगात घालून. त्याच्याच माणसांनी दाखवून दिला.

"आन ती घोड्यावाली माणसं? ती आली का माघारी?"

या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे, मी ते परीक्षेला घालत नाही एवढंच. न्हाई, मी म्हणाले.

तिकडे मेंढरं ओरडत होती, कुणीतरी त्यांना जाळीच्या कुंपणात घेत होतं.

"मग त्यो पडल्याचं काय सांगत बसतीस?" तो म्हणाला. "त्यांचं सांग की."

मार्चमध्ये सांगलीच्या एका व्याख्यानमालेचं बोलावणं आलंय. त्यांनाही विषय आवडला, त्यांनाही उदय आणि अस्त असे दोन दिवस हवे होते. एकच दिवस येईन, असं मी सांगितलं. त्यांनी पोस्टरसाठी त्या पुढाऱ्याचा फोटो मागितला, गच्चीवरचा, हात वर केलेला. तो मी दिला नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या एका बिऱ्हाडाचं जुनं चित्र मिळालंय, छकडा, घोडी आणि चुलीपुढे बसलेली बाई, ते पाठवलं. ह्या बाई कोण, असं त्यांनी विचारलं. व्याख्यानाची सुरुवात तिच्यापासून आहे, असं कळवलंय.